'ऑर्डर बंद'ची पाटी मोबाईललाही लावा

रमजानचे पंधरा-वीस रोजे उलटले की नावाजलेल्या टेलरच्या दुकानावर 'ऑर्डर बंद'ची पाटी लागते. गिऱ्हाईक ओळखीचे असो की नात्यातले, मास्टर हात जोडून सांगतात, "भाईसाब, आता ईदनंतर." याचे कोणाला वाईट वाटत नाही. उलट ज्या दुकानावर ही पाटी लवकर लागते ते दुकान चांगले चालते, अशीच बाजारात समजूत आहे. मास्टरला हात दोन, मशिनी ठरलेल्या आणि ईदचा चाँद काही कोणासाठी थांबणार नाही, हा साधा हिशेब सर्वांना पटतो.

हाच हिशेब मोबाईलवर शिलाई शिकविणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना आणि भगिनींना मात्र लावता येत नाही, असे गेल्या काही वर्षांत दिसून येत आहे. हुनर वाटण्याचे चांगले काम ते करीत आहेत. परंतु त्या कामाला रोजच्या तगाद्याचे रूप आले आहे. हा तगादा कोठून येतो आणि त्याच्यातून मोकळे होऊन इल्म कसे वाटता येईल, याचा विचार व्यापाराच्या अंगाने करणे जरूर आहे.

कटिंग टेबलावर मोबाईल कसा आला?

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि मोबाईलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. तोपर्यंत व्हिडिओ पाहणे ही पैसेवाल्यांची चैन होती. ती आता काज-बटण करणाऱ्या मुलाच्याही हातात आली. पुढे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. दुकाने बंद, लग्ने पुढे ढकललेली, ईदचे कपडे कोणी शिवेना. एप्रिलमध्ये सरकारनेच घरी शिवलेले मास्क वापरा म्हणून सांगितले, तेव्हा घराघरांतल्या जुन्या मशिनी पुन्हा बाहेर निघाल्या. रिकाम्या बसलेल्या मास्टर लोकांनी मोबाईल उभा करून मास्क कसा कापावा, मग ब्लाऊज कसा बेतावा, सलवारची मियानी कशी लावावी, हे दाखवायला सुरुवात केली. घरी बसून शिकणाऱ्या भगिनींची त्यामुळे मोठी सोय झाली. ज्या मुलीला शिवणवर्गाला जायला घरून परवानगी नव्हती किंवा फी परवडत नव्हती, ती घरबसल्या कटोरी ब्लाऊज बेतू लागली.

हा फायदा लहान नाही. पूर्वी आपल्या धंद्यात हुनर झाकून ठेवण्याची रीत होती. शागीर्दाने पहिले वर्ष काज-बटण आणि तुरपाई करायची, दुसऱ्या वर्षी पट्ट्या जोडायच्या, आणि कात्री हातात यायला चार-पाच वर्षे जायची. काही उस्ताद तर शेरवानीचे कटिंग कारागीर घरी गेल्यावर रात्री करीत. "हात दाखवला तर रोटी जाईल" ही भीती त्यामागे होती. या भीतीने किती कट उस्तादांबरोबर कब्रस्तानात गेले, त्याची मोजदाद नाही. आज अंगरखा बेतणारा शोधायला निघालात तर दोन-तीन शहरे पालथी घालावी लागतात. म्हणून जो मास्टर आपण होऊन शिकवितो, त्याचे उपकारच मानले पाहिजेत.

तगादा कोणाचा?

अडचण पुढे सुरू होते. पाच-सहा व्हिडिओ लोकांना आवडले की मास्टरना वाटू लागते, आता रोज काही तरी टाकले पाहिजे. एक दिवस चुकला तर पाहणारे कमी होतात. मोबाईलच आठवण करून देतो की या आठवड्यात मागच्या आठवड्यापेक्षा कमी लोकांनी पाहिले. मग मास्टर हातातली शिलाई बाजूला ठेवून नवीन विषय शोधतात. जे स्वतः एकदाही शिवून, धुऊन पाहिलेले नाही तेही दाखवितात. कापडाच्या दुकानात आम्हा लोकांना हे लगेच कळते. अस्तर, बकरम आणि कॅनव्हास घ्यायला येणारे मास्टर सांगतात की गिऱ्हाईकांचे कपडे वेळेवर होत नाहीत, डोळे दुखतात, आणि ज्या कामाची आवड होती त्याचाच कंटाळा येऊ लागला आहे. काहींनी तर वैतागून शिकविणेच सोडले. दुसरे काही असे आहेत की "रोज रोज कोठून आणू?" म्हणून त्यांनी सुरुवातच केली नाही. दोन्हीकडून नुकसान शिकणाऱ्यांचेच झाले.

हा तगादा गिऱ्हाईकाचा नाही, शागीर्दाचाही नाही. तो कंपनीच्या धंद्याचा आहे. यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते. लोक जितका वेळ पाहतील तितक्या जाहिराती दाखविता येतात. म्हणून त्यांना रोज नवा माल हवा असतो. बाजाराच्या मालकाला सर्व गाळे रोज उघडे हवेत, यात नवल नाही. पण म्हणून गाळेवाल्याने आजारपणातही दुकान उघडावे, असा कायदा नाही.

कंपनीचे लेखी नियमही रोजचे काम मागत नाहीत. यूट्यूबच्या आजच्या नियमाप्रमाणे जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते, किंवा छोटे व्हिडिओ ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जावे लागतात. त्याच्या आधीच्या पायरीला ५०० सदस्य लागतात आणि ९० दिवसांत फक्त ३ व्हिडिओ टाकलेले असावे लागतात. सहा महिने काहीच टाकले नाही तर मात्र उत्पन्नाची सोय कंपनी काढून घेऊ शकते. म्हणजे ज्याला या मार्गाने दोन पैसे हवे आहेत, त्यालाही महिन्याला एक धडा दिला तरी नियमाची अडचण येत नाही. 'रोज' हा शब्द आपणच आपल्या पाठीवर लादून घेतला आहे.

रोजच्या धावपळीतून उभे केलेले दुकान किती टिकते, हेही पाहून घ्यावे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ज्या कारागिरांनी आपले सर्व काम तेथेच ठेवले होते, त्यांचे दुकान त्या एका हुकुमाने उठले. व्हॉट्सअॅपवरचे स्टेटस तर २४ तासांत पुसले जाते. अशा जागेसाठी रात्रीचा दिवस करणे म्हणजे भाड्याच्या जागेत संगमरवर बसविण्यासारखे आहे.

शिलाईचा इल्म शिळा होत नाही

भाजी रोज ताजी लागते, वर्तमानपत्रही रोज ताजे लागते. परंतु मुंढ्याचा आकार, बाहीचा गोलावा, कापडाचा उभा-आडवा धागा या गोष्टी शिळ्या होत नाहीत.

स्पेनमध्ये ख्वान द आल्सेगा नावाच्या टेलरने १५८० साली माद्रिदमध्ये कटिंगचे एक पुस्तक छापले. वेगवेगळ्या पन्ह्याच्या कापडावर अंगरख्याचे, झग्याचे, पाद्र्याच्या पोषाखाचे तुकडे कसे मांडावेत म्हणजे कापड कमी लागेल, हे त्यात आकृत्या काढून दाखविले आहे. १५८९ साली ते पुन्हा छापले गेले. १९७९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि जुन्या काळचे पोषाख शिवणारे लोक आजही त्यावरून कापड बेततात. एका टेलरने एकदा नीट मांडलेला इल्म चारशेहून अधिक वर्षे कामाला येत आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एबेनेझर बटरिक या टेलरने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे विकायला काढले. तोपर्यंत घरी शिवणाऱ्या बाईला मापाप्रमाणे लहान-मोठा फर्मा मिळत नसे. बटरिकचा फर्मा घेऊन ती आपल्या मुलाचा सदरा आपण बेतू लागली. म्हणून अमेरिकेतले टेलर भुकेले राहिले नाहीत. आपल्याकडे मुंबईचे के. आर. झारापकर यांनी कटिंगची पद्धत पुस्तकात बांधून दिली. महाराष्ट्रातील कितीतरी शिवणवर्गांतून त्या पद्धतीने मुले-मुली शिकली. या लोकांनी इल्म रोज रतीबाने घातला नाही. अनुभव पिकू दिला, मापे तपासली आणि मग एकदाच पक्के करून दिले.

मोबाईलवरच्या धड्याचेही तसेच आहे. या ईदला कोणत्या नटीने कोणता ड्रेस घातला, हे सांगणारा व्हिडिओ पंधरा दिवसांत कोणी पाहत नाही. "बाही चढविताना मुंढ्यात चुणी का पडते?" हा प्रश्न मात्र दर वर्षी नवीन शिकणारी मुलगी विचारतेच, आणि शोधल्यावर तिला पाच वर्षांपूर्वीचा धडाही सापडतो. एक पक्का धडा शंभर कच्च्या धड्यांपेक्षा जास्त दिवस काम करतो.

पक्का धडा म्हणजे कसा?

कळीदार कुर्त्याचे उदाहरण घ्या. कापडाचा लांबट चौकोन घेऊन, वर थोडी रुंदी राखून, तो तिरपा कापला की एका चौकोनातून दोन कळ्या निघतात आणि कतरण जवळजवळ उरत नाही. प्रत्येक कळीची एक बाजू सरळ धाग्याची आणि दुसरी उरेब असते. उरेब बाजू ओढली की ताणते, सरळ बाजू ताणत नाही. म्हणून कळीची उरेब बाजू सरळ बाजूला जोडावी, म्हणजे सरळ बाजू तिला धरून ठेवते. दोन उरेब बाजू एकमेकींना जोडल्या तर चार धुण्यांत शिवण लोंबते आणि घेर खाली-वर दिसू लागतो. धडा एवढाच आहे. तो आठ-दहा मिनिटांत सांगून होतो, आणि नुसता कुर्ताच नव्हे तर फ्रॉक, घागरा, अनारकली या सर्वांना लागू पडतो.

असे धडे प्रत्येक मास्टरच्या गाठीला असतातच. सुती कापड कापण्याआधी भिजवून सावलीत वाळवावे. शेकडा ३ जरी आटले तरी ४० इंच लांबीत सुमारे सव्वा इंच जातो आणि बदनामी टेलरची होते. मखमलीवर हात फिरवून लव कोणत्या दिशेला बसते ते पाहावे आणि सर्व तुकडे एकाच दिशेने कापावेत. नाही तर एक बाही गडद आणि दुसरी फिकी दिसते. यासाठी कापड थोडे जास्त लागते, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, मलमल-जॉर्जेटला ११, जाड कापडाला १६ किंवा १८, आणि होजिअरीला गोल टोकाची सुई लावावी. हे सर्व उस्तादांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. शिकणाऱ्याला मात्र ते कोणी सांगत नाही.

वेळेचा हिशेब मांडा

असा एक धडा नीट तयार करायला किती वेळ जातो? कापड काढणे, आखणे, कापणे, मध्येच गिऱ्हाईक आले म्हणून थांबणे, उजेड कमी पडला म्हणून पुन्हा दाखविणे, शेवटी कपडा शिवून बरोबर बसतो की नाही हे पाहणे. निम्मा दिवस सहज जातो. आठवड्याला सहा धडे म्हणजे तीन दिवसांची मजुरी. महिन्याला एक किंवा दोन धडे म्हणजे फार तर एका दिवसाची मजुरी, आणि तेवढी सदका म्हणून किंवा दुकानाची जाहिरात म्हणून कोणालाही झेपते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रोज टाकणाऱ्याला पाहणारे जास्त मिळतात आणि सावकाश चालणाऱ्याला कमी मिळतात, हे खरे आहे. ज्याला व्हिडिओ हाच धंदा करावयाचा आहे त्याने तो खुशाल करावा. पण तो वेगळा धंदा आहे, त्याला वेगळे भांडवल, वेगळा माणूस आणि वेगळी हिशेबवही लागते, हे समजून करावा. ज्याची रोजी सुईवर आहे त्याने दोन्ही दुकाने एकाच जोडी हातांवर चालवू नयेत. एक बंद पडते, आणि बहुतेक वेळा जुनेच बंद पडते.

काही व्यवहारी सूचना

पहिली गोष्ट, वर्षाचा हंगाम कागदावर मांडा. रमजान, लग्नसराई, दिवाळी आणि शाळांच्या गणवेशाचा जून महिना, या दिवसांत एकही नवीन धडा देऊ नये. मोहरमच्या महिन्यात आणि पावसाळ्यात काम कमी असते, तेव्हा चार-पाच धडे करून ठेवावेत आणि पुढे सवडीने एकेक द्यावा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून हा तक्ता दर वर्षी नव्याने करावा लागेल.

दुसरी गोष्ट, पाहणाऱ्यांना आधीच सांगून टाका. "ईदपर्यंत नवीन धडा नाही, जुने धडे पाहावेत," एवढे एक वाक्य पुरते. दुकानावरच्या पाटीला लोक मान देतात, या वाक्यालाही देतील. न सांगता गायब होण्यात आणि सांगून थांबण्यात फरक आहे.

तिसरी गोष्ट, प्रश्नांची वही ठेवा. शिकणारे रात्री-बेरात्री प्रश्न पाठवितात. प्रत्येकाला तेव्हाच उत्तर देण्याची गरज नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवावा. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला की समजावे, पुढचा धडा यावर द्यायचा. म्हणजे विषय शोधत बसावे लागत नाही.

चौथी गोष्ट, चार मास्टरनी मिळून पाळी लावा. एक शेरवानीत तयार असतो, दुसरा ब्लाऊजमध्ये, तिसरा मुलांच्या कपड्यांत, चौथ्याचा हात काज आणि हातशिलाईत बसलेला असतो. प्रत्येकाने चार महिन्यांतून एक धडा दिला तरी शिकणाऱ्याला महिन्याला एक मिळतो. कोणावर ओझे नाही, आणि आपापसातली तेढही कमी होईल.

पाचवी गोष्ट, आपली प्रत आपल्याजवळ ठेवा. व्हिडिओ वेगळ्या ठिकाणी साठवावा, मापे वहीत लिहावीत आणि फर्मा जाड कागदावर कापून खिळ्याला टांगून ठेवावा. उद्या एखादी कंपनी बंद पडली किंवा तिने नियम बदलले, तरी वही आपल्या हाती राहते.

सहावी गोष्ट अदबीची आहे. गिऱ्हाईकाचा कपडा किंवा माप त्याच्या परवानगीशिवाय दाखवू नये. भगिनींच्या कपड्यांच्या बाबतीत तर माप लाकडी पुतळ्यावरच दाखवावे. रोज काही टाकायची घाई असली की नेमकी हीच अदब पहिल्यांदा सुटते आणि दुकानाची अब्रू जाते.

शिकवले तर गिऱ्हाईक जाईल का, ही जुनी शंका अजूनही काही जणांच्या मनात आहे. कापडवाला या नात्याने सांगतो, घरी शिवायला शिकलेली बाई कापड जास्त पारखून घेते, अस्तर-लेस-धागा जास्त घेते, आणि शिलाईत काय मेहनत असते हे कळल्यामुळे लग्नाच्या शेरवानीला किंवा भारी शराऱ्याला मास्टरकडेच येते. मजुरीवरून घासाघीसही कमी करते.

उत्तर हिंदुस्थानातील दर्जी बांधव आपल्या हुनराचे नाते हजरत इद्रीस (अ.स.) यांच्याशी सांगतात, महाराष्ट्रातील शिंपी बांधव संत नामदेवांचे नाव अभिमानाने घेतात. इतका जुना मान असलेला हा धंदा आहे. त्याचा इल्म देणाऱ्याने मोजणीच्या आकड्यांकडे पाहून धापा टाकाव्यात, हे त्याला शोभत नाही.

तेव्हा ज्या मास्टरनी अजून सुरुवात केली नाही त्यांनी येत्या मंदीच्या दिवसांत एक साधी वही घ्यावी आणि आपल्याला पक्क्या येतात अशा दहा गोष्टी लिहून काढाव्यात. दहा धडे म्हणजे महिन्याला एक या हिशेबाने जवळजवळ एक वर्षाचे काम झाले. अकरावी गोष्ट सुचली नाही तर तेथेच थांबावे. त्या दहांतून जी मुले-मुली तयार होतील, ती पुढचे सांगतील.